सर्व्हरच्या लोड आणि सीपीयूच्या टक्क्यावर अलार्म लावणं बंद करायचं का?

रात्रपाळीवाला:
माझं मत आधीच सांगतो: बंद करा, दोन्ही. या आकड्यांनी माझी झोप मोडण्यापलीकडे काही केलेलं नाही.
मागच्या पावसाळ्यात रात्री दोनला फोन आला. ऑफिस अंधेरीला, मी ठाण्यात, त्या वेळी लोकल कुठली; घरूनच लॉगिन केलं. आठ कोअरची मशीन, लोड (चालू आणि खोळंबलेल्या प्रोसेसची, म्हणजे प्रोग्रामची, सरासरी संख्या) ४२, आणि टॉप या कमांडमध्ये सीपीयू जेमतेम ६ टक्के. साहेब म्हणाले, "लोड चढलाय, आणखी दोन सर्व्हर उभे कर." केले. लोड तसाच. पहाटे कधीतरी पीएस कमांडने काढलेल्या प्रोसेसच्या यादीत स्टेटच्या रकान्याकडे लक्ष गेलं. डी, डी, डी, खालपर्यंत डी. बॅकअपचं एनएफएस (नेटवर्कवरून जोडलेलं) स्टोरेज बंद पडलं होतं आणि चाळीसेक प्रोसेस त्याच्या उत्तराची वाट बघत बसल्या होत्या. सीपीयू एकीलाही नको होता.

जुना ॲडमिन:
दुखणं पोटात आणि शिव्या थर्मामीटरला! लिनक्सचा लोड म्हणजे नुसती सीपीयूची रांग नव्हे. डिस्कसाठी अडकलेल्या डीवाल्या प्रोसेसही त्यात धरतात, १९९३ पासून. लोड ४२ आणि सीपीयू ६, ही जोडीच ओरडून सांगत होती की भानगड सीपीयूची नाही. दोन्ही आकडे एकत्र वाचले असतेत तर अडीचला पुन्हा झोपला असतात.

हार्बरवाला:
रात्रपाळीवाल्यांशी सहमत. वडाळ्याला बारा डब्यांची गाडी येते. पुलाजवळच्या डब्यात पाय ठेवायला जागा नाही, टोकाचे डबे मोकळे. सरासरी काढली तर गाडी रिकामी! आमचा दिवसअखेरचा हिशोब एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर, चालतो. आठ कोअरांत तो १२.५ टक्केच दिसतो. ग्राफ हिरवागार, आणि सातचा रिपोर्ट साडेनऊला. त्यात टॉप वर १२.५ म्हणतो आणि खालच्या यादीत त्याच प्रोसेसला १००. नवीन पोरगा म्हणे, टॉपच बिघडलाय.

जुना ॲडमिन:
लोकलशिवाय मुंबईकराला काही समजावताच येत नाही वाटतं. अहो, वरची ओळ सगळ्या कोअरची सरासरी, खालची यादी एका कोअरच्या हिशोबात. तिथे तुमच्या मशीनवर ८०० पर्यंतही जाईल. शिफ्ट धरून आय दाबा, यादीही अख्ख्या मशीनच्या हिशोबात येते. एकचा आकडा दाबा, प्रत्येक कोअर सुटा दिसतो. मात्र पीएसच्या टक्क्यावर विसंबू नका. तो प्रोसेस जन्मल्यापासूनची सरासरी देतो. चार दिवस निवांत असलेली आणि आत्ता पेटलेली प्रोसेस तिथे शून्याच्या आसपासच दिसते.

कंटेनरवाली:
काका, हे सगळं एका मशीनवर एकच काम असायचं त्या काळचं झालं. आमची सर्व्हिस १६ कोअरच्या मशीनवर कंटेनरमध्ये (मशीनच्या एका वेगळ्या कप्प्यात), २ कोअरची मर्यादा घालून चालते. म्हणजे दर १०० मिलिसेकंदांत २०० मिलिसेकंदांचा कोटा. आठ थ्रेड एकदम उठले की तो २५ मिलिसेकंदांत संपतो, उरलेले ७५ सगळे गप्प. मिनिटाच्या सरासरीत हे ४० टक्के दिसतं. साध्या डॉकर कंटेनरच्या आत टॉप लावला तर तो अख्ख्या मशीनचे आकडे दाखवतो, तिथेही सगळं आलबेल. ग्राहक मात्र पेमेंटच्या पानावर गोल फिरणारं चक्र बघत बसलाय. सीग्रुपच्या (लिनक्समधल्या या मर्यादा लावणाऱ्या यंत्रणेच्या) सीपीयू स्टॅट फाइलीत थ्रॉटलचा, म्हणजे कोटा संपल्याने थांबवल्याचा, आकडा भराभर वाढताना पाहिला तेव्हा कुठे उलगडा झाला. आता सांगा, टॉप कसा वाचायला हवा होता?

जुना ॲडमिन:
हे मान्य. इथे टॉपचा इलाज चालत नाही. पण म्हणून टक्काच काढून टाकलात तर रात्री दोनला नवीन पोरानं बघायचं काय?

कंटेनरवाली:
प्रेशर. लिनक्सच्या कर्नल (गाभा) ४.२० पासून प्रॉक या सिस्टीमच्या माहितीच्या फोल्डरमध्ये आहे. सीपीयू, मेमरी, आयओ (डिस्कचं वाचन-लेखन), प्रत्येकासाठी कामं किती वेळ खोळंबली ते वेगवेगळं सांगतो. रात्रपाळीवाल्यांनी ४२ बघून सर्व्हर उभे केले, कारण लोडमध्ये सगळं एकाच पिशवीत असतं.

जुना ॲडमिन:
आमच्याकडे अर्ध्या मशीनवर अजून सेंटओएस ७ हे जुनं लिनक्स आहे. कर्नल ३.१०. तिथे तुमचं प्रेशर कुठून आणू?

हार्बरवाला:
सेंटओएस ७ चा सपोर्ट जून २०२४ मध्येच संपला. अलार्म त्याचाच लावा की!

रात्रपाळीवाला:
लोडचा अलार्म आज काढला. टक्क्याचा ठेवलाय, पण फोन करायचा नाही, नुसता मेल टाकायचा, असा. साहेबांना अजून बोललो नाहीये. त्या रात्री उभे केलेले दोन सर्व्हर अजून चालूच आहेत, त्यांचा विषय आधी निघेल.