कसब्याची २०२३ ची पोटनिवडणूक: भाजप नेमका कशानं हरला?

वऱ्हाडी_अमोल: मी नागपूरचा, पुण्याचं राजकारण लांबूनच बघतो. कसबा १९९५ पासून भाजपचा. मग २०२३ ला काँग्रेसचे धंगेकर जवळपास ११ हजारांनी आले कसे? भाजपच्या आमदार मुक्ता टिळक वारल्यावर त्यांच्या घरात तिकीट दिलं नाही म्हणून ब्राह्मण मतदार रुसला, एवढंच ऐकतोय. पटत नाही.

शुक्रवारपेठी: नाहीच पटणार. रुसवा होता, फलकही लागले होते. पण त्याच रुसव्यावर उभे राहिलेल्या हिंदू महासंघाच्या आनंद दवेंना तीनशेसुद्धा मतं पडली नाहीत.

२००९ चे आकडे काढा. भाजपचे गिरीश बापट साधारण ५५ हजार. मनसेकडून धंगेकर आणि काँग्रेसचे रोहित टिळक, दोघंही ४६ हजारांच्या वर. करा बेरीज! २०१४ च्या लाटेत हे झाकलं गेलं. २०२३ ला मनसेचा उमेदवार नाही, राष्ट्रवादी आणि ठाकरेंची शिवसेना धंगेकरांबरोबर.

भाजपचे हेमंत रासने काही पडेल उमेदवार नव्हते, महापालिकेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष होते. पण धंगेकर दुचाकीवरून गल्लीबोळात फिरणारे. आमची आई भाजपची जुनी मतदार. भाजपच्या चंद्रकांतदादा पाटलांनी ‘हू इज धंगेकर?’ विचारलं, ते तिला झोंबलं. पेठेत असं विचारतात होय? वर आजारी बापटांना नाकात ऑक्सिजनची नळी असताना केसरीवाड्यात प्रचाराला आणलं. तेव्हापासून तिनं टीव्हीवरच्या बातम्याच बंद केल्या. मत कुणाला दिलं ते आजही सांगत नाही.

कर्वेरोड: मग २०२४ ला तेच दोघं समोरासमोर, आणि रासने १९ हजारांनी आले. बेरीज कुठे गेली तुमची?

शुक्रवारपेठी: रास्त आहे. मनसे होती, काँग्रेसची बंडखोरीही होती, पण त्यांची मतं मिळवूनही १९ हजार भरत नाहीत. फरक मतदानाचा. पोटनिवडणुकीला जेमतेम निम्मे लोक बाहेर पडले होते. सरकार काही बदलणार नव्हतं, त्यामुळे भाजपवाल्यांना घरी बसणं परवडलं. विधानसभेला तसं परवडत नाही.

आणि हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. कसब्याचे भाजप आमदार अण्णा जोशी १९९१ ला खासदार झाले, त्यांच्या रिकाम्या जागेवर खुद्द बापटच काँग्रेसच्या वसंत थोरातांकडून हरले होते.

वऱ्हाडी_अमोल: हे थोरातांचं माहीतच नव्हतं. जुने निकाल काढून बघतो.