काजू नसले तर शेंगदाणे

सॅलडवरच्या ड्रेसिंगमध्ये दही-मेयोनीज टाळायचं तर काजू वाटून घाला असं सुचवतात, ते बरोबरच. पण आमच्या जळगावकडे घरात काजू नसले तरी शेंगदाणे असतातच. अर्धी वाटी दाणे रात्रभर भिजवून सकाळी दहा मिनिटं उकळायचे, कच्चट वास जातो. सालं चोळून काढा (कंटाळा केलात तर रंग मळकट, चव तुरट). लसणाच्या दोन पाकळ्या, हिरवी मिरची, लिंबू, मीठ आणि मिक्सर. पाणी चमचा-चमचाच घाला. एकदम ओतलं की दाणे नुसते गरगर फिरतात, कणी मोडत नाही. चमच्याच्या पाठीवर थर धरला की झालं. वरून तेल नको, दाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं. काकडी-पत्ताकोबीवर झकास. परवा उरलेलं मात्र कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीसोबतच संपलं!