स्लॅबमधल्या पाइपला एल्बो की बेंड? रविवारी स्लॅब आहे, मदत हवी

नमस्कार. कराडजवळ गावी घर बांधतोय. सेंट्रिंग झालंय, खालची जाळी बांधून झाली आणि रविवारी स्लॅब भरायचा आहे. लाइटचे पाइप त्याआधी टाकायचेत. वायरमनदादांनी काल सामान आणलं: पीव्हीसीचे २० एमएमचे पाइप, कपलिंग, डीप जंक्शन बॉक्स, फॅन बॉक्स आणि पाइप वळवायला पिशवीभर एल्बो. बेंड एकही नाही. विचारलं तर म्हणाले, "ताई, दोन्हींचं काम एकच, एल्बो जागा कमी खातो."

मला धास्ती आहे ती जुन्या घरामुळे. तिथं माजघरातल्या पंख्याची वायर जळली. नवी ओढताना बीमच्या कोपऱ्यात वायर ओढायची स्प्रिंग अडली ती अडलीच. ओढूनओढून बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला सिमेंटची पापडी चिकटलेली. शेवटी भिंतीवरून केसिंग पट्टी मारावी लागली. नव्या घरात ते नको आहे.

एल्बो बदलून घेऊ का? पाइपावर एलएमएस लिहिलंय, ते चालेल का? आणि विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीलाही हेच पाइप वापरायचे का?

प्रतिसाद १

ताई, एल्बो परत करा. त्याचं वळण काटकोनात तुटक असतं, वायर तिथंच अडते. बेंड लांब गोलाईचा असतो, त्यातून स्प्रिंग सरकत जाते. दोन बॉक्सच्या मध्ये दोनपेक्षा जास्त बेंड देऊ नका. लागलेच तर मध्ये आणखी एक बॉक्स टाका. झाकणाचे इन्स्पेक्शन एल्बो मिळतात, पण ते भिंतीवरच्या उघड्या पाइपिंगसाठी. स्लॅबमध्ये गाडले की झाकण उघडणार कसं?

एलएमएस म्हणजे हलका पाइप. स्लॅबवर माणसं चालतात, घमेली आपटतात, व्हायब्रेटर फिरतो. निदान एमएमएस, म्हणजे मध्यम, घ्या.

तुमच्या पापडीचं कारण बहुतेक उघडं राहिलेलं तोंड किंवा सुटलेला सांधा. सांधे चिकटवायचं सोल्युशन पाइपाला बाहेरून लावा, फिटिंगच्या आत नाही. आत लावलं तर पाइप घालताना ते पुढे ढकललं जातं आणि तिथंच गुठळी सुकते. बॉक्समध्ये कागदाचे बोळे कोंबून तोंडाला टेप मारा. पाइप खालच्या जाळीच्या वर बांधा, म्हणजे खालूनही काँक्रीटचा माल जाईल. फॅन बॉक्सची सळई स्लॅबच्या लोखंडाला तारेनं आवळलीय का, ते स्वतः हात लावून बघा. पंखा तिच्यावरच लटकणार आहे.

प्रतिसाद २

मोटरीच्या खोलीत धक्का लागण्याची भीती असेल तर आट्यांचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप बरा. फक्त कापलेल्या तोंडाची धार कानशीनं घासून बुश बसवा, नाहीतर वायरचं आवरण तिथंच सोललं जातं. बॉक्सला चेकनट घट्ट हवा आणि पाइपाला अर्थिंग हवंच. पीव्हीसीत पाइपाचं स्वतःचं अर्थिंग नसतं, म्हणून हिरवी वायर प्रत्येक पॉइंटपर्यंत न्या.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. दुकानदारानं एल्बो परत घेतले, बेंड आणि एमएमएस पाइप आणले. वायरमनदादाही राजी झालेत. एकच राहिलं: हॉलच्या एसीची ४ स्क्वेअर एमएमची वायर २० च्या पाइपातून जाईल का?

प्रतिसाद १

जाईल, पण जेमतेम. एसीला २५ चा वेगळा पाइप थेट डीबीपर्यंत (घरातल्या एमसीबीच्या पेटीपर्यंत) टाका. आणि स्लॅब भरताना वायरमनला दिवसभर तिथंच थांबायला सांगा. पायाखाली पाइप सुटला तर माल ओला आहे तोवरच जोडता येतो.