सहावा महिना, जुनी चिठ्ठी आणि ट्रामाडॉल: काय लगेच थांबवायचं, काय नाही?

मेडिकल_दिंडोरीरोड
जाणकारांना विचारायचंय. एक ताई, पहिलटकरीण, २५ आठवडे. द्राक्षबागेत थिनिंगला (घडांची विरळणी) जातात. कंबरेतून उजव्या पोटरीपर्यंत चमक येते. दिवस जाण्याआधी हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठीच अजून चालू आहे. त्यात दोन गोळ्या: एक ॲसिक्लोफेनॅक १००, पॅरासिटामॉल ३२५ आणि थायोकोल्चिकोसाइड ४ मिग्रॅची, दुसरी ट्रामाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ ची. दोन्ही सकाळ-संध्याकाळ, महिन्याभराहून जास्त. ठणका वाढला की वरून ६५० ची पॅरासिटामॉल, दिवसाला दोन-तीन. नवीन पाकिटं दिलेली नाहीत. पण आहेत त्या गोळ्या दोन्ही एकदम बंद करायला सांगू का?

प्रसूतीतज्ज्ञ_नाशिकरोड
पाकिटं दिली नाहीत ते बरोबर केलंत. पण दोन्ही एकदम बंद नकोत, दोघींचा हिशोब वेगळा आहे.

ॲसिक्लोफेनॅकवाली आजपासून बंद. ती सोडल्याने अंगाला काही त्रास होत नाही. २० आठवड्यांनंतर या सूज-दुखणं कमी करणाऱ्या गटातली औषधं (डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नायमेसुलाइड सगळी त्यातच) बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करतात. बाळ लघवी कमी करतं आणि गर्भजल आटतं, कारण या महिन्यांत गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये म्हणूनच ३० आठवड्यांची जुनी मर्यादा खाली आणून २० वर ठेवली. ३० च्या पुढे आणखी एक धोका वाढतो: बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर बंद व्हायची रक्तवाहिनी पोटातच आक्रसू शकते. त्याच गोळीतलं थायोकोल्चिकोसाइड (स्नायू सैल करणारं औषध) तर गरोदरपणात वर्ज्यच आहे.

महिनाभर गोळी पोटात गेली आहे, म्हणून सोनोग्राफीत गर्भजल मोजून घ्यायला हवं. गर्भजलाचा निर्देशांक (एएफआय) ५ सेंमी किंवा त्याखाली असेल तर पाणी कमी धरतात. घाबरवू नका, गोळी थांबली की बहुतेकदा पाणी पुन्हा वाढतं.

ट्रामाडॉल मात्र तडकाफडकी तोडायचं नाही. ते अफूच्या गटातलं आहे, वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत जातं आणि महिनाभरात आईच्या शरीराला त्याची सवय लागलेली असू शकते. एकदम सोडलं की घाम, अस्वस्थता, नाक वाहणं, पोटात मुरडा, जुलाब, झोप उडणं सुरू होतं. गरोदरपणात अशा झटक्याने कळा सुरू होण्याचीही भीती असते. मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवायची, आणि तो आराखडा त्यांच्या डॉक्टरांनीच आखायचा. घरी किती गोळ्या उरल्यात ते विचारा. दोन दिवसांच्याच असतील तर आजच पाठवा, तोपर्यंत आहे तीच मात्रा, एकही वाढीव नाही. झटक्यांचा आजार (फिट येणं) किंवा सर्ट्रालिन, एसिटालोप्रामसारखी नैराश्याची गोळी चालू असेल तर चिठ्ठीवर ठळक लिहून द्या. ट्रामाडॉलबरोबर त्यांचं जमत नाही.

पाकीट_उलटून_वाचा
पॅरासिटामॉलची बेरीज कुणी केली का? दोन पाकिटांतून दिवसाला १३००, वरून ६५० च्या तीन म्हणजे १९५०, एकूण ३२५०. मोठ्या माणसाची कमाल ४००० धरतात, पण वजन ५० किलोच्या आत असेल किंवा यकृताचं दुखणं असेल तर इतकंही जास्त आहे. बहुतेकांना ही भर दिसत नाही, कारण पाकिटाच्या पुढे ठळक असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. मागच्या बारीक अक्षरांत 'प्रत्येक गोळीत' याच्या खाली खरी नावं असतात, ती वाचायची. पहिली गोळी थांबली की १३०० चे ६५० होतील. ट्रामाडॉलची गोळी चालू असेपर्यंत ६५० ची साधी गोळी दिवसाला तीनच, सहा-सहा तासांच्या अंतराने. पुढे ट्रामाडॉल पूर्ण उतरलं की चार चालतील.

ट्रामाडॉल एच-वन यादीत (चिठ्ठीशिवाय न विकायची, नोंद ठेवायची औषधं) आहे आणि २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलंय. जुन्या चिठ्ठीवर ते देऊच नये. रजिस्टरला डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग यांची नोंद करून ती तीन वर्षं ठेवायची असते. डायक्लोफेनॅकचं जेलही विचारा. कमरेवर रोज भरपूर चोळलं तर थोडं अंगात जातं.

मेडिकल_दिंडोरीरोड
विचारलं. जेल नाही. पण इकोस्प्रिन ७५ (कमी मात्रेतली ॲस्पिरिन) चालू आहे. 'दुखण्याच्या गोळ्या बंद' म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग तीही थांबवते.

प्रसूतीतज्ज्ञ_नाशिकरोड
नाही! आत्ताच फोन करून सांगा. ती बीपी वाढू नये म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी दिली असणार. कमी मात्रेतली ॲस्पिरिन या बंदीत येत नाही. ती कधी थांबवायची ते डॉक्टरच सांगतील.

आणि या खुणा दिसल्या तर तारखेची वाट पाहायची नाही: मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, लघवी अडणं, पाऊल उचलता न येणं (त्याच दिवशी एमआरआय, गरोदरपणात तो करता येतो), थांबून थांबून दुखत पोट कडक होणं, ताप आणि लघवीला जळजळ, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी. १०८ किंवा गरोदर बायकांसाठीची १०२. खर्चाची अडचण असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. पण या केसला ९ तारखेपर्यंत थांबू नका, सिव्हिलला गेलात तरी चालेल.

नवजात_कक्ष_सिस्टर
प्रसूतीपर्यंत ट्रामाडॉल सुटलं नाही तर बाळासाठी एवढं करा. आईच्या फाइलवर गोळीचं नाव, मात्रा आणि शेवटची कधी घेतली ते मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. बाळाची लक्षणं बहुधा १ ते ३ दिवसांत दिसतात: किंचाळल्यासारखं चिरकं रडणं, हातपाय थरथरणं, अंग ताठ, दूध ओढता न येणं, सारख्या शिंका आणि जांभया, पातळ शी. म्हणून किमान ७२ तास दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी घरी जायची घाई नको. पहिला उपाय औषधाचा नाही. बाळाला नीट गुंडाळणं, मंद उजेड, कमी आवाज, आईच्या छातीशी धरणं, थोडं थोडं दूध वारंवार. आईची अशी सवय माहीत असेल तर बाळाला नॅलोक्सोन (अफूच्या गटातल्या औषधांचा उतारा) देऊ नये, झटके येऊ शकतात. ही नोंद लेबर रूमला आधीच मिळायला हवी.

अंगावर पाजताना पुन्हा ट्रामाडॉल नको, बाळ सुस्तावतं, श्वास मंदावू शकतो. तेव्हा आयब्युप्रोफेन चालतं, पोटातल्या बाळाला होतं ते कारण उरत नाही. पण तेही डॉक्टरांना विचारूनच.

फिजिओ_कॉलेजरोड
गोळी उतरवताना दुखणं वर येणारच, त्याची सोय आधी करा. डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. गरम पिशवी कमरेला १०-१५ मिनिटं, पोटावर नाही. पोटाखालून बांधायचा पट्टा कामाच्या वेळी. मांडवाखाली मान वर करून तासन्‌तास थिनिंग आणि खाली ठेवलेले क्रेट उचलणं, या दोन्हींतून त्यांना आठवडाभर तरी बाजूला काढा. मुकादमाला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवायला सांगा.