मदत हवी आहे: इन-इअर मॉनिटर आणि मिक्सरचं गणित जुळत नाहीये

नमस्कार मंडळी. लालबागला आमचा सहा जणांचा ऑर्केस्ट्रा आहे: दोन गायक, कीबोर्ड, बेस, ऑक्टोपॅड, ढोलकी. मंडळांच्या छोट्या स्टेजवर मॉनिटर स्पीकर ठेवले की शिट्टी वाजतेच, म्हणून इन-इअरवर (स्टेजवरचा आवाज थेट कानातल्या इअरफोनमधून ऐकणं) आलोय.

मिक्सर १६ चॅनलचा अ‍ॅनालॉग, ऑक्स (मॉनिटरला वेगळं मिश्रण पाठवायचे आउटपुट) चार. १ आणि २ ला प्री-पोस्टचं बटण आहे, ३ आणि ४ कायम पोस्ट. प्री म्हणजे फेडरच्या (चॅनलचा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) आधी घेतलेला सिग्नल, पोस्ट म्हणजे नंतरचा. गोंधळ इथेच झाला. परवा गायिका ऑक्स ३ वर होती. साउंडवाल्या दादांनी ऐन अंतऱ्यात तिचा फेडर खाली घेतला आणि तिच्या कानातून तिचाच आवाज गायब! बिचारीने एका कानातलं काढून गाणं कसंबसं रेटलं. चूक आमचीच, मॉनिटरला प्री-फेडर लागतं हे नंतर कळलं.

आता प्री ऑक्स दोन आणि माणसं सहा. स्वतःचा डिजिटल रॅक मिक्सर घेऊन हॉलच्या मिक्सरला स्प्लिटरमधून (एकच सिग्नल दोन मिक्सरना वाटणारी पेटी) सिग्नल द्यावा, असं डोक्यात आहे. पॅसिव्ह (विजेशिवाय चालणारा) स्प्लिटर पुरेल का? ढोलकीला कंडेन्सर माइक आहे, मग ४८ व्होल्ट फँटम (अशा माइकला मिक्सरकडून केबलमधून मिळणारी वीज) आमच्या बाजूने द्यायचं की हॉलच्या? बसून वाजवणाऱ्यांना वायरचे पॅक (इअरफोन जोडायची कमरेची डबी) देणार, वायरलेस फक्त गायकांना. लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा) कुठे लावता, मिक्सरवर की पॅकवर? एकदा माइक पडला तेव्हा कानात जो धडाका बसला, तो अजून आठवतो.

बजेट साठ-सत्तर हजार. सेकंडहँडही चालेल.