मदत हवी आहे: आजोबांच्या मृत्यूची जुनी नोंद कशी शोधायची?

नमस्कार मंडळी. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे आणि वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला लागतोय. गाव सातारा जिल्ह्यात. साल कुणालाच नक्की आठवत नाही. आत्या म्हणते, ‘कोयनेच्या भूकंपाच्या आदल्या पावसाळ्यात’, म्हणजे 1967 धरायचं. ग्रामपंचायतीत एवढं जुनं रजिस्टर नाही. गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक (गावातल्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची वही), तहसीलच्या अभिलेख कक्षात बघा म्हणाले. तिथे अंदाजे सालावर शोधाचा अर्ज घेतात का? नोंद सापडलीच नाही, तर अनुपलब्धतेचा दाखला घेऊन उशिराच्या नोंदणीसाठी प्रांतांकडे जायचं की तहसीलदारांकडे? जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीनंतर हे काम कोर्टाकडे राहिलेलं नाही ना? अलीकडे कुणी केलं असेल तर कागदपत्रांसकट सांगा. एजंटांचे नंबर कृपया नकोत.