परिवीक्षा (प्रोबेशन) काळात राजीनामा दिल्यास पगार अडवता येतो का?

प्रश्न : लेखा विभागातील कर्मचारी, अंधेरी पूर्व

मी चार महिन्यांपूर्वी एका खासगी कंपनीत रुजू झाले असून माझा प्रोबेशनचा काळ सहा महिन्यांचा आहे. प्रोबेशनमध्ये दोन्ही बाजूंनी पंधरा दिवसांची आणि कायम झाल्यावर साठ दिवसांची नोटीस, असे नियुक्तिपत्रात स्पष्ट लिहिलेले आहे. गेल्या आठवड्यात मी राजीनामा दिला, तेव्हा मला तोंडी सांगण्यात आले की साठ दिवस थांबावे लागेल किंवा दोन महिन्यांचा पगार भरावा लागेल, आणि तोवर चालू महिन्याचा पगार व रिलिव्हिंग लेटर (नोकरीतून मुक्त केल्याचे पत्र) मिळणार नाही. नव्या नोकरीची तारीख जवळ आली आहे. यातले कंपनीला खरोखर काय करता येते?

उत्तर : एचआर विभागात कार्यरत, लोअर परळ

नियुक्तिपत्रातील शब्द तुम्ही सांगता तसेच असतील, तर तुम्हाला प्रोबेशनचेच कलम लागू होते आणि साठ दिवसांच्या मागणीला आधार उरत नाही. मात्र अनेक नियुक्तिपत्रांत ‘कंपनीची धोरणे वेळोवेळी लागू राहतील’ अशी ओळ असते, म्हणून कर्मचारी पुस्तिकेतील नोटिशीचा भागही वाचून घ्या. तोंडी बोलण्यावर काहीही सोडू नका. राजीनाम्याची तारीख, कलमाचा क्रमांक आणि त्यानुसार येणारा शेवटचा दिवस लिहून आजच ईमेल पाठवा व त्याची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवा, कारण कंपनीचे खाते बंद झाल्यावर ती मिळवणे अवघड जाते. उरलेले दिवस नियमित कामावर जा.

उत्तर : कामगार कायद्याचे वकील, घाटकोपर

नोटिशीचा वाद आणि केलेल्या कामाचा पगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ करून नव्या कर्मचाऱ्यांना घाबरवले जाते हे मला अत्यंत गैर वाटते. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तिच्या कलम १७ नुसार राजीनामा देणाऱ्याचे वेतनही दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे लागते. जुन्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याचे संरक्षण दरमहा २४,००० रुपयांपर्यंतच्या वेतनालाच होते, पण ही मर्यादा आता राहिलेली नाही. कोणत्या कारणांसाठी पगार कापता येतो याची यादी कलम १८ मध्ये आहे आणि एकूण कपात त्या काळातील वेतनाच्या निम्म्याहून अधिक होऊ शकत नाही. संपूर्ण पगार रोखून धरणे त्यात बसत नाही.

तुम्ही पंधरा दिवसही पूर्ण न करता निघालात, तर उरलेल्या दिवसांचे पैसे कंपनी करारानुसार मागू शकते. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाईच देते, करारात लिहिलेला आकडा ही तिची फक्त कमाल मर्यादा असते. कोणालाही सक्तीने नोकरीत ठेवण्याचा आदेश सहसा मिळत नाही. अशा वसुलीवर जीएसटी लावण्याची भीती कोणी घातली, तर ३ ऑगस्ट २०२२ चे केंद्रीय परिपत्रक दाखवा, त्यात तो लागत नाही असे स्पष्ट केले आहे.

आधी लेखी मागणी करा, आणि तरीही पगार मिळाला नाही तर वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनात कामगार आयुक्तांकडे दाद मागा. दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे.

प्रश्नकर्ती

आपणा दोघांचे आभार. ईमेल पाठवला आहे. रिलिव्हिंग लेटर वेळेत मिळाले नाही, तर नव्या ठिकाणी काय दाखवावे?

उत्तर : एचआर विभागात कार्यरत, लोअर परळ

राजीनाम्याचा ईमेल, त्यावर आलेले उत्तर आणि पगाराच्या पावत्या नव्या कंपनीला आधीच पाठवून परिस्थिती सांगा. बहुतेक ठिकाणी पत्रासाठी थोडी मुदत मिळते. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर खात्यातील नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने नोंदवली नाही तरी शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्हाला ती स्वतः नोंदवता येते.